पोहे संपले, डोसा बंद, बर्गर अकरानंतर! हॉटेलवाले पदार्थांना वेळ का लावतात?

हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा फेज ज्या गावाच्या जमिनीवर उभा आहे, ते मुळशी तालुक्यातलं माण. इथल्या कितीतरी लोकांची ड्युटी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. रात्रभर कॉल घेऊन सकाळी साडेसातला बाहेर पडलेल्या माणसाला खरं तर जेवण हवं असतं. समोर मात्र पोहे, उपमा, इडली. फास्ट फूडच्या दुकानात जावं, तर “सर, आत्ता फक्त ब्रेकफास्ट मेनू.” तोच माणूस झोप काढून दुपारी एकला पोहे मागतो, तर पोहे संपलेले!

पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार, सामान आत पडलेलं, मग अडतं कुठे?

बहुतेक वेळा तव्यावर.

मॅकडोनाल्ड्सचंच घ्या. 1972 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे हर्ब पीटरसन या फ्रँचायझी मालकाने ‘एग मॅकमफिन’ तयार केलं आणि या साखळीला सकाळचं गिऱ्हाईक मिळालं. पण अंड्याला हवी मध्यम आच आणि मांसाच्या पॅटीला कडक. एकाच ग्रिलवर दोन्ही एकदम होत नाहीत. त्यामुळे ठरलेल्या वेळी ग्रिल साफ करायचं, तापमान वाढवायचं, पाव आणि सॉसची मांडणी बदलायची. तेव्हा कुठे बर्गर सुरू!

लोकांची तक्रार ऐकून ऑक्टोबर 2015 मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवसभर ब्रेकफास्ट देऊन पाहिला. त्यासाठी कितीतरी दुकानांना जादा उपकरणं घ्यावी लागली, स्वयंपाकघरात गर्दी झाली. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या काळात मेनू आटोपशीर करताना हा प्रयोग थांबवला गेला. एवढ्या मोठ्या कंपनीलाही जे सहज जमलं नाही, ते चार टेबलांच्या हॉटेलकडून कसं व्हावं?

आपल्याकडे गोमांसाची पॅटी नसते, आलू टिक्की तर तळलीच जाते. तरी अडचण तीच, कारण तळणीची जागा आणि हात मोजकेच असतात. शिवाय गरम पदार्थ साठ अंशांच्या वर ठेवावा लागतो आणि तिथेही तो फार वेळ चांगला राहत नाही. दोन्ही मेनू दिवसभर तयार ठेवायचे, तर बरंच अन्न टाकून द्यावं लागेल.

उडुपी हॉटेलात दुपारी ‘डोसा बंद’ म्हटलं की अनेकांना तो उर्मटपणा वाटतो. पण हिशेब करून बघा. तव्यावर एका वेळी चार-पाच डोसे बसतात आणि प्रत्येकाला काही मिनिटं लागतात. थाळीतलं सगळं मात्र शिजून तयार असतं, फक्त वाढायचं. बाहेर रांग लागलेली असताना एक टेबल डोशाची वाट पाहत अडकलं, तर मागचे दहाजण शेजारच्या हॉटेलात जातात. पीठही रात्रीपासून आंबत असतं. उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत चांगलंच आंबट होतं.

पोह्यांचं तर आणखी नाजूक. वाफ आलेली कढई हातोहात खपली तरच पोह्यांना चव! तासाभरात ते कोरडे पडायला लागतात, मग पाण्याचा हबका मारून भागवावं लागतं. आठ वाजता पन्नास प्लेटा जातात, तिथे दुपारी पाचच जाणार असतील, तर त्या पाचांसाठी कांदा चिरून, पोहे भिजवून पुन्हा फोडणी कोण घालणार? पहाटेपासून राबणारा आचारी तोवर दुपारच्या भाजीला लागलेला असतो.

यात रात्रपाळीवाल्याची उपासमार होते, हे खरंच. स्वयंपाकघर चालतं ते ज्या वेळी जास्त माणसं जे मागतात त्यावर, आणि सकाळी साडेसातला जेवण मागणारे कमीच असतात. जिथे रात्री पुरेसं गिऱ्हाईक मिळतं, तिथे भुर्जी-पावच्या गाड्या उशिरापर्यंत चालतात.

आणि हो, साडेअकराला विनवणी केल्यावर कढईच्या तळाची एखादी प्लेट मिळेलही. पण ती आठ वाजताच्या फोडणीचीच असते!