तह मोडणाऱ्याचं काय करायचं?

अमेरिकेतल्या ‘व्हाइट वूल्फ’ या प्रकाशनाने १९९१ साली ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड’ हा रोलप्लेइंग गेम बाजारात आणला. मार्क राइन-हागेन हा त्याचा मुख्य कर्ता. पाठोपाठ वेअरवुल्फ (१९९२), मांत्रिक (१९९३), प्रेतात्मे (१९९४) आणि परीलोक (१९९५) यांचे स्वतंत्र खेळ आले. सगळ्यांचं जग एकच, ‘वर्ल्ड ऑफ डार्कनेस’. प्रत्येक पुस्तक मात्र आपापल्या जमातीची बाजू घेणारं. वेअरवुल्फांच्या लेखी व्हॅम्पायर म्हणजे सृष्टी नासवणाऱ्या ‘वर्म’ची पिलावळ, दिसला की फाडायचा. आता खेळायला बसलेल्यांपैकी एकाला व्हॅम्पायर व्हायचं असतं, दुसरीला वेअरवुल्फ. खेळ चालवणाऱ्यापुढे पेच पडतो: हे दोघे पहिल्याच रात्री एकमेकांच्या नरडीला का लागत नाहीत?

या पेचावर खेळांनी आजवर जी उत्तरं काढली, त्यांत सर्वांत जुनं आणि खात्रीचं उत्तर म्हणजे सामाईक भीती. व्हॅम्पायरांची ‘कॅमरिला’ ही संघटना पंधराव्या शतकात उभी राहते ती प्रेमापोटी नव्हे. बाहेर इन्क्विझिशनच्या चिता पेटलेल्या आणि घरात तरुण व्हॅम्पायरांचं बंड, अशा दुहेरी कात्रीत सापडलेले म्हातारे एकत्र येतात. १४९३ साली इंग्लंडातल्या थॉर्न्स गावी बंडखोरांशी तह होतो. ज्यांना तो मान्य नव्हता त्यांचा ‘सॅबॅट’ हा कट्टर वैरी पंथ बनतो. म्हणजे तहाच्या पोटातून नवं युद्ध जन्माला येतं, आणि खेळाला दारूगोळा मिळतो तो इथेच.

कॅमरिलाने रोजच्या व्यवहारासाठीही सोय केली आहे. शहराचा ‘प्रिन्स’ एखादं नाट्यगृह किंवा कलादालन ‘इलिझियम’ म्हणून जाहीर करतो. तिथे हत्यार उपसायचं नाही, अंगातली शक्ती वापरायची नाही. मग भांडणं मिटतात का? मुळीच नाही, ती उपकारांच्या हिशेबात शिरतात. कोणी कोणाचा जीव वाचवला, कोणाचं कोणाकडे काय देणं निघतं, याची नोंद ‘हार्पी’ नावाचे दरबारी ठेवतात. देणं बुडवणाऱ्याची पत जाते, आणि ज्यांना शतकानुशतकं एकमेकांची तोंडं पाहायची आहेत, त्यांना पत गमावणं परवडत नाही.

दुसरं उत्तर म्हणजे दोघांच्याही डोक्यावर बसलेली तिसरी सत्ता. टीएसआर कंपनीच्या ‘प्लेनस्केप’ या खेळविश्वात (१९९४) दैत्यांच्या दोन जातींत अनादी काळापासून ‘ब्लड वॉर’ चालू आहे. तरी सिगिल या नगरीत दोन्हीकडचे दैत्य एकाच रस्त्याने चालतात. कारण एकच: ‘लेडी ऑफ पेन’. ती बोलत नाही, पूजा खपवून घेत नाही, देवांनाही वेशीच्या आत येऊ देत नाही. तिची सावली ज्याच्यावर पडली त्याची कातडी सोलवटते. उत्तर चोख आहे, पण अशा शांततेत खेळाडूंना करण्यासारखं थोडंच उरतं. राखणारी सर्वशक्तिमान असली की बाकीचे नुसते भाडेकरू.

तिसरं उत्तर कायद्याचं. जिम बुचर यांच्या ‘ड्रेस्डेन फाइल्स’ कादंबऱ्यांवर २०१० साली ‘इव्हिल हॅट’ ने खेळ काढला. तिथे परीराणी मॅबच्या पुढाकाराने झालेले ‘अनसीली अकॉर्ड्स’ आहेत. जादूगार, व्हॅम्पायरांचे दरबार, परी अशा सगळ्यांनी त्यावर सह्या केलेल्या. पाहुण्याने यजमानाला आणि यजमानाने पाहुण्याला दगा द्यायचा नाही, हा त्यातला मोठा नियम. शिकागोतला मॅकअ‍ॅनलीचा पब ही तटस्थ जागा. गंमत अशी, की कादंबऱ्यांचा नायकच हा पाहुणचाराचा नियम मोडतो आणि जादूगार व व्हॅम्पायरांचा ‘रेड कोर्ट’ हा दरबार यांच्यात वर्षानुवर्षं चालणारं युद्ध पेटतं. कागदावरच्या कलमाला तिथे रक्ताचं वजन येतं.

चौथं उत्तर वाटणीचं. परीलोकाच्या खेळात १९६९ साली, माणूस चंद्रावर उतरतो तेव्हा, परागंदा झालेले उमराव परी पृथ्वीवर परततात आणि जुनी मालकी सांगू लागतात. इतकी शतकं इथेच तग धरून राहिलेल्या सामान्य परी ती मानत नाहीत. युद्ध होतं, मग डेव्हिड हा राजा तडजोड घडवतो: गादी उमरावांची, पण सामान्यांनाही हक्क. हा तह एका माणसाच्या शब्दावर तोललेला असतो. पुढे राजाच बेपत्ता होतो तेव्हा सगळंच डळमळतं.

आणि तह नसला की काय होतं? व्हॅम्पायरांच्या खेळाच्या १९९३ सालच्या ‘अंडर अ ब्लड मून’ या पुस्तकात शिकागोवर वेअरवुल्फ चाल करून येतात, आणि शहराचा प्रिन्स लोडिन मारला जातो. त्याच्यापाशी सत्ता होती, फौज होती. शत्रूशी बोलणी करता येतील अशी जागा मात्र नव्हती.

या सगळ्यांत मला कॅमरिलाचा तह सरस वाटतो, कारण तो राखण्याचं काम खेळाडूंच्याच अंगावर पडतं. वैऱ्यांना अचानक सद्बुद्धी सुचली, हे कारण कोणत्याही खेळात टिकत नाही.

मराठीत असा खेळ रचायचा तर सामग्री हाताशी आहे. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची फेरी मारतो अशी श्रद्धा आहे, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. कोकणातल्या राखणदाराची हद्द ठरलेली, मान ठरलेला, मान चुकला तर कोप होणार हेही ठरलेलं. तेव्हा तुमच्या भुताखेतांचा तह लिहायला बसाल, तर शेवटचं कलम आधी लिहा: मोडणाऱ्याचं काय करायचं. बाकीची कलमं खेळाडू स्वतःच भांडून लिहितील.