पाचशे रुपयांची बचत

मागच्या जूनमधली गोष्ट. आमच्या महिला मंडळानं आसपासच्या वस्त्यांवरच्या ८ मुलींना शाळेसाठी सायकली द्यायचं ठरवलं. वर्गणी माझ्याकडे होती. पेठेतल्या सायकलवाल्या काकांनी सांगितलेल्या भावापेक्षा जिल्ह्याच्या गावी मोठ्या दुकानात सायकलीमागे ५०० रुपये कमी! म्हणजे ४,००० वाचत होते. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपण बायका, एवढे पैसे कसे सोडणार? मी तिकडूनच सायकली आणल्या. सगळ्यांनी शाबासकीही दिली.

दिवाळीत एका मुलीच्या घरी गेले, तर सायकल ओसरीत उभी आणि तिच्यावर गोधडी वाळत घातलेली. "ब्रेक लागत नाही मावशी. उतारावर पडले. आता आई नेऊ देत नाही," ती म्हणाली. आठवड्यातून दोन-दोन दिवस तिची शाळा बुडत होती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल टेम्पोत घालून काकांकडे नेली. आता हे टोमणा मारणार, अशी मनात धाकधूक. पण त्यांनी मुकाट्यानं चाक फिरवून पाहिलं. "वहिनी, सायकल वाईट नाही. खोक्यातून सुटी आलेली घाईत जोडलीय. ब्रेकचं रबर रिमऐवजी टायरला घासतंय. चाकही आऊट आहे." तासभर खपून त्यांनी फक्त ८० रुपये घेतले. मग बाकीच्या सायकलीही तपासल्या, तर आणखी तिघींचे ब्रेक तसेच!

काकांशी बोलताना हिशेब समजला. मोठं दुकान ट्रकभर माल उचलतं, म्हणून त्याला स्वस्त पडतं. काका एका वेळी चारच सायकली आणतात. पण त्यांच्या किमतीत नीट जोडणी, ग्रीस, आरे ताणणं आणि नंतरची देखभाल धरलेली असते. "नवी सायकल तिकडून आणि पंक्चर इकडे. नुसत्या पंक्चरवर दुकान किती दिवस चालेल?" ते म्हणाले. मी गप्पच बसले. हे दुकान बंद झालं, तर मुलींनी सायकल ढकलत कुठे न्यायची?

अर्थात, टाळी एका हातानं वाजत नाही. काका पक्की पावती देत नव्हते, मुलींच्या उंचीच्या सायकली ठेवत नव्हते. तेही मी सांगितलं. यंदा त्यांच्याकडूनच घेतल्या. पक्की पावती, दोनदा फुकट सर्व्हिसिंग आणि एका रविवारी मुलींना पंक्चर काढायला शिकवायचं, या बोलीवर!

मैत्रिणींनो, मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत गरजू शाळकरी मुलींना सायकलीसाठी मिळणारं अनुदान २०२२ साली ३,५०० वरून ५,००० रुपये झालं. सायकल कुठूनही घ्या, पण दोन्ही ब्रेक दाबून पाहा, लेकीला बसवून पाहा आणि बिघडली तर कोण बघणार, ते आधी विचारा.

ती मुलगी आता रोज शाळेत जाते. गोधडी दोरीवर वाळते.