घराला रंग देताना : विवेकाचे चार हात

कर्वेनगरचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथबालिकाश्रम पुण्याबाहेरच्या या गावी एका साध्या झोपडीत आणला, आणि पुढे त्यांच्याच नावाने हा परिसर ओळखला जाऊ लागला. आज मुठेच्या काठापर्यंत येथे इमारती, बंगले आणि पुनर्विकासाची कामे दाटली आहेत. नवरात्राचे वेध लागले की येथील सोसायट्यांच्या आवारात शिड्या, घोडे आणि पुट्टीची पोती दिसू लागतात. दिवाळीपूर्वी घर रंगवून घ्यावे, ही जवळजवळ प्रत्येक कुटुंबाची इच्छा असते. भगवान महावीरांचा निर्वाणदिन आणि वहीपूजन त्याच पर्वात येत असल्याने व्यापारी घरांत ही इच्छा अधिकच बळावते. परंतु घराच्या रंगकामासाठी हाच काळ सर्वांत योग्य आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

पुण्याचा पाऊस जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आणि कित्येकदा त्यानंतरही चालतो. चार महिने भिंतींनी शोषलेले पाणी दसऱ्यापर्यंत पुरते सुकत नाही. अशा ओलसर भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला, तर आतली ओल बाहेर पडताना पापुद्रे सुटतात, पांढरे क्षार फुटून येतात आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशी आणि शेवाळ यांची गणना जैन परंपरा अनंतकाय जीवांत करते. ती एकदा भिंतीवर वाढल्यानंतर खरवडून काढणे किंवा औषध मारून नष्ट करणे, म्हणजे आपल्याच दुर्लक्षातून ओढवलेली हिंसा होय. ती वाढूच न देणे हा खरा उपाय. आणि तो रंगाच्या डब्यात नसून गच्चीच्या गिलाव्यात, बाहेरील भिंतीच्या भेगांत, गळक्या नळांत आणि पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांत आहे. आधी गळती थांबवावी, मग भिंत सुकू द्यावी आणि त्यानंतरच रंगाऱ्याला बोलवावे.

भिंत सुकली की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. दोन फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूस थेंब जमले, तर भिंत अजून ओली आहे असे समजावे. नव्या गिलाव्यालाही पाणी मारणे थांबल्यानंतर पुरेसे आठवडे सुकण्यास द्यावे लागतात.

ऋतूचा आणखी एक पैलू आहे. पावसाळ्याच्या अखेरीस दिव्याभोवती किडे सर्वाधिक येतात. दिवाळीची घाई म्हणून रात्री उशिरापर्यंत दिवे लावून काम चालते. वासासाठी खिडक्या उघड्या असतात, आणि ओल्या ऑइल पेंटवर किंवा पॉलिशवर शेकडो जीव चिकटून मरतात. चातुर्मास आषाढापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत असतो. ज्या घरांत या काळात बांधकामाचे आरंभ टाळले जातात, तेथे रंगकामही कार्तिक पौर्णिमेनंतर काढणे सुसंगत ठरेल. कार्तिक ते वैशाख भिंती कोरड्या असतात, किडे कमी असतात, आणि दिवाळीपूर्वीची ओढाताण संपल्याने चांगले कारागीरही सवडीने मिळतात. दिवाळीला घर झाडून, धुऊन, दिवे लावून सजवावे. रंग मात्र नंतर द्यावा. अगदीच निकड असेल, तर काम दिवसा उजेडीच आटोपावे.

रंगसाहित्याची निवड करताना पहिला प्रश्न शिशाचा आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांत, शिशाची संयुगे वापरली जात. लोखंडी कठड्यांना दिला जाणारा ‘रेड लेड’ प्रायमर हाही शिशाचाच. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक असून त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. भारतात घरगुती रंगांतील शिशाविषयीचे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाले आणि एक वर्षानंतर अमलात आले. त्यांनुसार शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये, आणि तसा उल्लेख डब्यावर असावा लागतो. म्हणून नवा डबा घेताना हा उल्लेख वाचून घ्यावा. त्यापूर्वी रंगवलेली दारे, खिडक्या आणि कठडे कोरडे घासू नयेत. पाणी लावून, वॉटर पेपरने घासावेत. घासणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क असावा, आणि त्या दिवशी मुले व गर्भवती स्त्रिया त्या खोलीत नसाव्यात. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

दुसरा प्रश्न लाखेचा. सागवानी दारांना दिल्या जाणाऱ्या पारंपरिक फ्रेंच पॉलिशमध्ये स्पिरिटात विरघळवलेली चपडी लाख असते. ही लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव. तो फांद्यांवरून खरवडून काढताना असंख्य कीटक नष्ट होतात. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘लाक्षावाणिज्य’, म्हणजे लाखेचा व्यापार, स्वतंत्रपणे सांगितला आहे. जो व्यापार वर्ज्य मानला, त्याचाच माल आपल्या दाराला लावताना निदान विचार तरी व्हावा. लाकडासाठी मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन, ज्याला कारागीर पीयू म्हणतात, असे लेप मिळतात; साधेपणा आवडणाऱ्यांना जवसाच्या तेलाचा हातही पुरतो. मेलामाइन आणि पीयू यांचा वास उग्र असतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि वृद्धांनी त्या दिवसांत दुसरीकडे राहावे. पीयूचे पाण्यात मिसळणारे प्रकारही उपलब्ध आहेत. ते किमतीने अधिक, वासाने सौम्य.

ब्रशाकडेही फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अनेक चांगल्या ब्रशांचे केस डुकराचे असतात. नायलॉनचे ब्रश आणि कृत्रिम धाग्यांचे रोलर सर्वत्र मिळतात, आणि पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनसाठी तेच अधिक सोयीचे असतात. कामाच्या बोलणीतच ही अट सांगावी. ऐन कामाच्या दिवशी रंगाऱ्याचा ब्रश नाकारणे त्याच्यावर अन्याय ठरेल.

हिशेब हा व्यापारी कुटुंबांचा हातखंडा. तरी रंगकामात तो बहुधा अंदाजावर सोडला जातो. दहा फूट बाय बारा फूट खोली आणि दहा फूट उंची धरली, तर चारही भिंतींचे क्षेत्र ४४० चौरस फूट होते. त्यातून ७ बाय ३ फुटांचे दार आणि ४ बाय ४ फुटांची खिडकी, म्हणजे ३७ चौरस फूट वजा केल्यास ४०३ उरतात. दोन हातांसाठी ८०६ चौरस फूट झाले. एक लिटर इमल्शन एका हातात साधारण १४० चौरस फूट जाते असे धरले, तर सहा लिटर पुरेसे आहेत. छताचे १२० चौरस फूट वेगळे धरावेत. हे गणित आधी करून ठेवले, की दहा लिटरच्या जागी वीस लिटरचा डबा घरात येत नाही. छटा यंत्रावर मिसळून घेताना सर्व डबे एकाच वेळी घ्यावेत. नंतर घेतलेला डबा उजेडात वेगळा दिसू शकतो.

रंगाऱ्याशी ठराव लेखी असावा. काम साहित्यासह आहे की केवळ मजुरीवर, मोजणी कशी होणार, पुट्टीचे किती हात, प्रायमर कोणता, रंगाचे किती हात, फर्निचर झाकण्याची आणि शेवटी सफाईची जबाबदारी कोणाची, हे सर्व त्यात यावे. डबे आपल्यासमोर उघडावेत आणि पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळावे. डब्यांमागे कंपन्यांकडून कारागिरांना टोकन किंवा गुण मिळण्याची पद्धत या व्यवसायात जुनी आहे. ती गुपित मानून संशय धरण्यापेक्षा उघडपणे बोलावे आणि तो लाभ कारागिराचाच राहू द्यावा. रकमेचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत: थोडी उचल, पुट्टी झाल्यावर एक भाग, पहिल्या हातानंतर एक, आणि पाहणीनंतर शेवटचा. शेवटचा हप्ता मात्र क्षुल्लक कारणाने अडवू नये. गिऱ्हाइकाने आपले बिल दोन महिने थकवले, तर दुकानदाराला काय वाटते हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. रंगाऱ्याच्या मागे तर रोजंदारीवरची माणसे असतात.

बाहेरील भिंती रंगवताना झुल्यावर किंवा परांचीवर चढणाऱ्याला सुरक्षापट्टा आणि हेल्मेट असलेच पाहिजे. सोसायटीने कंत्राट देताना ही अट घालावी आणि प्रत्यक्ष काम चालू असताना ती पाळली जाते की नाही हेही पाहावे. दोर तुटला, तर ‘ती जबाबदारी कंत्राटदाराची’ हे उत्तर कायद्याच्या कागदावर चालेलही. अहिंसेच्या कसोटीवर चालणार नाही. वर्षात ९० दिवस असे काम केलेल्या रंगाऱ्यास महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी कामाचा दाखला लागतो. अर्ज भरण्यास घरातील शिकलेल्या तरुणाने अर्धा तास दिला, तरी एका कुटुंबाचे भले होते.

डब्याच्या प्रश्नावरून अनेक घरांत अवघडलेपण येते. घरात अभक्ष्य येऊ नये अशी इच्छा असेल, तर ती पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावी आणि त्याबरोबर दुपारच्या जेवणाचे आमंत्रणही द्यावे. केवळ मनाई केली, तर तो अपमान वाटतो. ताट वाढून सांगितले, तर ते आतिथ्य होते.

काम संपल्यावर उरलेला रंग किंवा टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. कर्वेनगरच्या सांडपाण्याची वाट अखेर मुठेकडेच जाते. शिल्लक डबे घट्ट झाकून एखाद्या शाळेला, पाठशाळेला किंवा त्याच रंगाऱ्याला द्यावेत. तो ते पुढच्या एखाद्या लहान घरात वापरील, आणि आपल्या माळ्यावर वाळून दगड होण्यापासून तो रंग वाचेल.