खोक्यावरचे नाव, खोक्यातला माल

बँकेत तीन तपे काढलेल्या माणसाला कोटेशन उलटे वाचण्याची खोड जडते. तो आधी तळाची बारीक अक्षरे वाचतो, मग तारीख, मग कर धरला आहे की नाही ते पाहतो आणि वर ठळक छापलेले नाव सर्वांत शेवटी. या खोडीचा मला बराच अभिमान होता. चितेगावात तो जरा उतरला, त्याची ही हकिकत.

२०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. चितेगावचा एक मुलगा दोन कोटेशने घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांचे पैठण रस्त्याला टीव्ही दुरुस्तीचे दुकान. हे गाव तसे टीव्हीचेच. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की चौदाव्या किलोमीटरवर व्हिडिओकॉनचा कारखाना. रंगीत टीव्हीच्या काळात हे नाव देशभर घरोघर गेले, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दरम्यान पिक्चर ट्यूबचा जमानाच संपला होता. सपाट पडदा बिघडला तर तो उघडून दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा बदलणे सोपे, त्यामुळे वडिलांच्या हातातली विद्या हातातच राहिली. मुलगा लग्नाचे चित्रीकरण करतो आणि त्याच्या फिल्म जोडून देतो. त्याला मुद्रा योजनेतून दीड लाखाचे कर्ज काढायचे होते: एक कॅमेरा, आणि जुन्या संगणकात बसवायला ग्राफिक्स कार्ड.

"काका, एकात ३०६० आहे, एकात ४०६०. चाळीस म्हणजे नवीन. तेच घेऊ ना?"

आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत आणि तेवढ्यावर सारे व्यवहार भागत. चित्र कोणी मागितलेच नव्हते. चित्र मागितले की हिशेब वाढतो. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येकाचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवायचा म्हटला तर सेकंदाला साडेबारा कोटींच्या घरात निर्णय झाले. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुशार हेडक्लार्क. अवघड काम एकामागून एक उरकणारा. ग्राफिक्स कार्डात मात्र हजारो साधे कारकून एकाच वेळी बेरजा-गुणाकार करत बसलेले असतात.

दोन्ही कार्डे एन्व्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या आराखड्याची. हिचे अभियंते आपल्या पुण्यातही काम करतात. ३०६० बाजारात आले २०२१ च्या फेब्रुवारीत, ४०६० आले २०२३ च्या जूनमध्ये. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जुन्यात ३५८४ कारकून, नव्यात ३०७२. नव्यात कमी! पण जुन्याचा वेग १.७८ गिगाहर्ट्झ आणि नव्याचा २.४६, गुणाकार केला की नवे पुढे जाते. वीज जुने १७० वॅटपर्यंत खाते, नवे ११५. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून काम करणाऱ्याला हा फरक अंगावर जाणवणारा.

आता साठवण. जुन्यात बारा जीबी, नव्यात आठच. साठवणीतून कारकुनांपर्यंत माल नेणारा रस्ता जुन्यात १९२ बिट रुंद, सेकंदाला ३६० जीबी वाहून नेणारा. नव्यात १२८ बिट आणि २७२ जीबी. कंपनीने ही तूट भरून काढायला कारकुनांच्या हाताशी असलेला छोटा कप्पा ३ एमबीवरून २४ एमबीवर नेला. युक्ती चांगली आहे. रोज लागणारी पाकिटे टेबलावरच असली तर गोदामापर्यंत हेलपाटे कमी. पण काम एवढे मोठे झाले की गोदामातच मावेना, तर टेबल कितीही ऐसपैस असून काय उपयोग? उरलेला माल संगणकाच्या मुख्य साठवणीत ठेवावा लागतो आणि तिथे जाण्याचा रस्ता फार अरुंद. नव्या कार्डाला या रस्त्याच्या आठच पट्ट्या जोडल्या आहेत, जुन्याला सोळा. मुलाचा संगणक मागच्या पिढीचा, म्हणजे तिथे प्रत्येक पट्टीचा वेगही निम्मा.

आणि कामगिरी? खेळांमध्ये नवे कार्ड १.२ पट वेगवान, असे कंपनीनेच सांगितले होते. शेजारी एक मोठा आकडाही होता, १.७ पट. हा दुसरा आकडा वाचून मला ३१ मार्चची आठवण झाली. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक अंदाजाने बनवलेले चित्र घालायचे, की सेकंदाला दिसणारी चित्रे वाढतात. वर्षअखेरीस एका रात्रीपुरत्या ठेवी फुगवून ताळेबंद सजवणारे शाखाधिकारी मी पाहिले आहेत. तुलना तशी थोडी अन्यायाची आहे, कारण डोळ्याला ती हालचाल खरोखर गुळगुळीत दिसते. पण खेळणाऱ्याच्या हाताला मिळणारा प्रतिसाद त्याने वाढत नाही. लग्नाची फिल्म जोडणाऱ्याला तर त्याचा उपयोगच नाही.

"तू खेळणारा असतास तर चाळीस म्हटले असते," मी त्याला सांगितले. नव्यात एव्ही१ या पद्धतीने व्हिडिओ आवळण्याची सोय आहे, जुन्यात नाही, हेही सांगितले. पण तो फोर-के चित्रीकरणावर रंगांचे थर चढवतो, आणि अशा वेळी साठवण संपली की सॉफ्टवेअर काम थांबवून तसा निरोप देते. लग्नघरचे लोक निरोप ऐकून घेत नाहीत. तेव्हा बारा जीबीचे तीस-साठ घे, असा निवाडा देऊन मी मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात गेलो. वडिलांनी कोटेशन हातात घेतले, चष्मा कपाळावर सारला आणि विचारले, "साहेब, यात बारा कुठे लिहिलंय?"

लिहिलेले नव्हते. नुसते '३०६०' होते. तळाची बारीक अक्षरे मी वाचली, पण न छापलेली वाचायची राहिली.

"टीव्हीत असंच व्हायचं," ते म्हणाले. "मॉडेल एकच, आतला बोर्ड वेगळा. पाठ उघडल्याशिवाय मी पार्ट आणायला जात नसे."

घरी येऊन शोधले तेव्हा घाम फुटला. २०२२ च्या अखेरीस याच नावाचे आठ जीबीचे कार्डही आले होते. कारकून तेवढेच, पण रस्ता १२८ बिटचा आणि वाहतूक २४० जीबी, म्हणजे माझ्या साऱ्या तर्काचा पायाच नसलेले. ही खोड जुनी आहे. २०१६ मध्ये १०६० नावाची दोन कार्डे अशीच विकली गेली, सहा जीबीचे आणि तीन जीबीचे. ग्राहकाला वाटे, फरक साठवणीपुरताच. आत एकात १२८० कारकून होते, दुसऱ्यात ११५२.

विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "आठचंच आहे." यात त्याने खोटे काही लिहिले नव्हते, हे मला मान्य करावे लागले. आम्ही 'बारा जीबी, १९२ बिट' असे लिहून नवे कोटेशन मागितले. किंमत वाढून आली. मुलाने मार्जिनची रक्कम आईच्या भिशीतून भरली, महिन्याभरात कर्ज मंजूर झाले.

पुढे एकदा संध्याकाळी त्या बाजूने जाणे झाले. दुकानाच्या मागच्या खोलीत कुठल्याशा लग्नाची फिल्म तयार होत होती, पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. मुलगा चहा आणायला गेला होता. वडील उठले आणि जुन्या सवयीने संगणकाच्या पाठीमागे हात नेऊन, वारा कितपत गरम येतोय ते पाहू लागले.