वेचकांचा हिशेब

चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. इंद्रायणीकाठच्या या गावात शेताच्या बांधालगत आता उंच सोसायट्या उभ्या आहेत आणि रोज सकाळी मजल्यामजल्यावरून पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, रद्दी, खरकटं असं सगळं खाली येतं. शहराचा कचरा शेजारच्या मोशीच्या डेपोत जातो. तिथल्या कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पण कचऱ्यातून किंमत काढणारी एक यंत्रणा पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. ती माणसांची आहे आणि बहुतांशी बायांची. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची परिषद भरली. आठशेहून अधिक जणी आल्या. हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव सोबत होते, एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण होत्या, आणि कचरा वेचणाऱ्या आईच्या पोटी वाढलेले मोहन ननावरे होते. कचरा वेचणाऱ्यांतल्या बहुतेक जणी दलित समाजातल्या, त्यातही मातंग आणि नवबौद्ध. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली कितीतरी कुटुंबं त्यांच्यात होती. त्यांच्यासाठी मदत केंद्र काढता आलं असतं. तसं न करता कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही रीतसर कामगार संघटना नोंदवली गेली. पुढचं सगळं या एका निर्णयातून आलं, कारण संघटनेत माणूस लाभार्थी म्हणून येत नाही, वर्गणी भरणारा सभासद म्हणून येतो.

त्याआधी, १९९० च्या सुमारास, एसएनडीटीच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांना लिहा-वाचायला शिकवायचं काम हाती घेतलं होतं. मुलं वर्गात टिकेनात, तेव्हा शिकवणाऱ्याच त्यांच्याबरोबर कचराकुंड्यांपर्यंत गेल्या. तिथे दिसलं ते ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं. कोणता कागद कोरडा, कोणता ओला होऊन भाव गमावलेला, कोणती काच वेगळी ठेवायची, कोणतं प्लास्टिक भंगारवाला घेईल, हे हातांना माहीत होतं. कुंडीत उतरण्याऐवजी घराच्या दारातच वेगळा केलेला कचरा मिळाला तर कमाई वाढते आणि हातही कमी घाण होतात, हेही लक्षात आलं. मग घरोघर जाऊन लोकांना कचरा वेगळा द्यायला सांगणं सुरू झालं. लोकांकडे काय नाही याची यादी करून कामाला लागणारे पुष्कळ असतात. इथे काय आहे ते आधी पाहिलं गेलं.

कौशल्य असलं तरी नोंदणी, ऑडिट, कार्यालयाचा पत्ता, महापालिकेत पत्र लिहू शकणारा माणूस हे सगळं लागतंच. अमेरिकेत यासाठी ‘फिस्कल स्पॉन्सरशिप’ नावाची व्यवस्था रूढ आहे. छोट्या, नोंदणी नसलेल्या गटासाठी आलेला पैसा एखादी नोंदणीकृत संस्था आपल्या खात्यात घेते, हिशेब आणि कराचे कागद सांभाळते, त्याबद्दल ठरावीक टक्के शुल्क कापून घेते, आणि काम गट करतो. पुण्यात असा करार कोणी केला नव्हता. तरी विद्यापीठाने आपल्या प्राध्यापिकांचा पगारी वेळ आणि आपलं नाव या कामामागे ठेवलं, आणि संघटना उभी राहीपर्यंतचा अवघड काळ पार पडला. आईने पोराला चालायला शिकवताना बोट द्यावं, तेवढाच हा आधार होता. पुढे सभासदांची वर्गणी आली, स्वतःची पतसंस्था आली, आणि सावकाराकडे जाण्याऐवजी आपल्याच बचतीतून कर्ज मिळू लागलं.

या संघटनेचं सर्वांत धारदार हत्यार आकडा आहे. १९९० च्या दशकात तिने दिलेल्या ओळखपत्रांना पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी मान्यता दिली. चोर समजून हटकल्या जाणाऱ्या बाईच्या हातात पालिकेचा शिक्का आला. मग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने २००१ मध्ये अभ्यास झाला. त्यातून दिसलं की एक वेचक दर महिन्याला २४६ रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकट करते, आणि या सगळ्यांमुळे पालिकेचा केवळ वाहतुकीवरचा वर्षाला दीड कोटी रुपयांहून जास्त खर्च वाचतो. हा हिशेब टेबलावर ठेवूनच वैद्यकीय विम्याची मागणी झाली. पुणे महापालिकेने ती २००२-०३ मध्ये मान्य केली. दयेच्या अर्जाने हे झालं असतं असं वाटत नाही.

२००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही वेचकांच्या मालकीची सहकारी संस्था नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. ढकलगाड्या, हातमोजे आणि व्यवस्थापनाचा खर्च पालिकेचा. वेचक दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेते, घरटी शुल्क स्वतः गोळा करते आणि सुक्याचं भंगार विकून मिळणारे पैसेही तिचेच. २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपली तेव्हा हे काम कंपन्यांकडे द्यावं अशी चर्चा पालिकेत उठली. बाया रस्त्यावर उतरल्या, नागरिकही त्यांच्या बाजूने बोलले, आणि काम हातून गेलं नाही.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, जो अशा कामांच्या मुळावर येतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे देण्याची मनाई झाली, आणि त्या पैशातून प्रशासनावर करता येणाऱ्या खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. छोट्या गटांना मोठ्या संस्थेच्या सावलीत वाढवण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. अशा वेळी वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेची मजबुती जास्त जाणवते.

पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र घरोघरचा कचरा मुख्यतः ठेकेदारांच्या गाड्या उचलतात. वेचक तिथे ठेकेदाराची मजूर होते आणि किमान वेतनासाठी भांडण तिला पालिकेशी नाही, मधल्या माणसाशी करावं लागतं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला स्थानिक संस्थांना सांगितलं होतं. मोशीच्या प्रकल्पाच्या भट्टीला लागणारा सुका कागद आणि प्लास्टिक हीच वेचकांची कमाई आहे, म्हणून भट्टीपर्यंत काय जाऊ द्यायचं हे आधी ठरायला हवं. चऱ्होलीत नवी सोसायटी उभी राहताना पार्किंगचा आराखडा पहिल्या दिवशी होतो. त्याच आराखड्यात सुका कचरा निवडायला एक छपराची जागा आणि वेचकांच्या संस्थेशी थेट करार, एवढं बसवणं बिल्डरला आणि पालिकेला आजही शक्य आहे.