काजळीने कोंडलेली डिझेल गाडी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ आला. हा सिरॅमिकचा फिल्टर काजळी अडवतो आणि साधारण ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकतो. मात्र त्यासाठी गाडी सलग, बऱ्या वेगात चालायला हवी. पुण्यात कोथरूड ते डेक्कन एवढीच रोजची धाव असेल, तर जळणं दरवेळी अर्धवट राहतं.

डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की आधी मॅन्युअल उघडावं. बहुतेकदा हायवेवरची वीसेक मिनिटांची धाव पुरते. सिग्नलला नुसतं इंजिन सुरू ठेवून काही होत नाही.

दिवा विझत नाही, गाडी ओढत नाही? मग स्कॅनर लावायचा. पी २४६३ हा कोड काजळी साठल्याचा. तरी लगेच फिल्टरला दोष देऊ नये: दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी तडकली, तरी आकडे खोटे येतात. डिपस्टिकही बघावी. तेलाची पातळी वाढून डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल बदलायलाच हवं.

त्यानंतर वर्कशॉपमध्ये स्कॅनरवरून जबरदस्तीने रिजनरेशन करतात, म्हणजे काजळी जाळतात. फिल्टरमध्ये साठलेली राख मात्र जळत नाही. तिच्यासाठी फिल्टर उतरवून धुवावा लागतो. ‘काढूनच टाकू, साहेब’ हा गॅरेजचा सल्ला स्वस्त वाटतो, पण तो नियमबाह्य आहे.