भाताचे तूस आणि पाण्यातील धातू

आम्ही कापडाच्या धंद्यातले. रंगाईवाल्यांशी आमचा रोजचा व्यवहार. मोरचुदाने रंग पक्का करताना तांबे, बायक्रोमेट वापरताना क्रोमियम आणि पितळेला मुलामा देताना निकेल पाण्यात उतरते. धातू कुजत नाहीत. ते गटारातून जमिनीत आणि पुढे विहिरीत झिरपतात.

यावर एक स्वस्त इलाज आहे. भाताचे तूस, लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या, संत्र्याच्या साली यांतील सेल्युलोज, लिग्निन व पेक्टिन पाण्यात विरघळलेला धातू धरून ठेवतात. हा माल धुवून, वाळवून, बारीक करून पिंपात भरावा आणि त्यातून पाणी सावकाश सोडावे.

मात्र पाण्याची आम्लता सांभाळावी लागते. तांबे व शिसे पीएच ५ च्या आसपास चांगले धरले जाते. सहा संयुजेच्या विषारी क्रोमियमला पीएच २ च्या सुमाराचे पाणी लागते. त्यात भुसा त्याचे कमी विषारी, तीन संयुजेचे रूप करतो. नंतर चुन्याने आम्लता मोडावी.

आता नुकसानीची बाजू. धातू नष्ट होत नाही, फक्त गोदाम बदलतो. म्हणून वापरलेला भुसा चुलीत जाळू नये, शेतात टाकू नये. घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणीच द्यावा. हे पाणी पिण्याचेही नव्हे. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात सहा संयुजेचे क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांना स्वच्छ दिसले म्हणून भागत नाही. प्रयोगशाळेचा कागद हाती आल्यावरच माल पास समजावा. खाली विहीर कोणाचीही असो, जिम्मेदारी पाणी सोडणाऱ्याचीच.